पंपाचं काम वेगळं, गोळीचं काम वेगळं

थंडी पडली की खोकला आणि धाप घेऊन दवाखान्यात येणाऱ्या बायका वाढतात. त्यांतल्या कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून धूर सोसलेला असतो. त्या धुरानं श्वासनळ्या आतून सुजतात, अरुंद होतात. या आजाराला सीओपीडी म्हणतात. कधीही विडी न ओढलेल्या बाईलाही तो होतो.

अशा छातीत जंतुसंसर्ग झाला, की डॉक्टर पंप किंवा नेब्युलायझर देतात आणि काही वेळा सोबत अँटिबायोटिकच्या गोळ्याही देतात. मग घरात कोणीतरी म्हणतं, "गोळ्या चालू आहेत ना, मग पंप कशाला? सवय लागेल." हे ऐकून पंप सोडू नका. गोळी जीवाणू मारते, पण आवळलेली नळी मोकळी करत नाही. पंप नळी मोकळी करतो, पण जीवाणू मारत नाही.

पंप म्हणजे फार कडक औषध, हाही गैरसमजच. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या ४० पट असतं. पंपाचं औषध थेट छातीत जातं, म्हणून थोडंसं पुरतं.

मात्र ते पोटात किंवा हवेत जाता कामा नये. पंप हलवा. श्वास पूर्ण सोडा. पंप ओठांत घट्ट धरा, हळूहळू श्वास आत घ्यायला लागा आणि त्याच वेळी दाबा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. जमत नसेल तर स्पेसर मागून घ्या. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

आता गोळ्यांचं. साधी सर्दी विषाणूमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. कफ वाढला, पिवळा-हिरवा झाला आणि धापही वाढली, तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या लागतील का, ते ते ठरवतील. सांगितले तितके दिवस घ्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

दवाखान्यात जाताना चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. धापेच्या काही गोळ्यांत थिओफिलिन असतं. त्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलं, तर रक्तातलं थिओफिलिन वाढून मळमळ आणि छातीत धडधड होते.

एक वाक्य बोलतानाही दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे पंप आहे त्यांनी तो सोबत आणा. उपकेंद्रातल्या नर्सताईंना बोलवा आणि पंप नीट ओढता का, हे त्यांच्यासमोर करून दाखवा. काळजी घ्या.