बालकाचा कायमचा दात निखळल्यास : पालकांनी करावयाची तातडीची कृती

प्रस्तावना :

दुधाचा दात पडणे हा मराठी घरांतून कौतुकाचा प्रसंग असतो. पडलेला दात छपरावर टाकावा किंवा उंदराला द्यावा आणि त्याच्याकडे नवा दात मागावा, अशी प्रथा अनेक घरांत आढळते. तिच्या मुळाशी 'पडलेला दात पुन्हा येतोच' हा विश्वास आहे. दुधाच्या दातांपुरता तो योग्यच होय. परंतु तोच विश्वास कायमच्या दाताच्या बाबतीत घातक ठरतो. पुढचे मधले कायमचे दात साधारणतः ६ ते ८ या वयात उगवतात. सायकल, खो-खो, शाळेचा जिना आणि पोहण्याचा तलाव यांच्याशी मुलांचा संबंध वाढतो तो याच सुमारास. आघाताने समूळ निखळणाऱ्या दातांत वरच्या पटाशीच्या दातांचे प्रमाण सर्वाधिक असते. निखळलेला दात वाचणे हे दंतवैद्याच्या कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अपघातस्थळी पहिल्या काही मिनिटांत काय केले जाते यावर अवलंबून असते.

मुळावरील जिवंत आवरण :

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांना एक अतिशय पातळ तंतुमय आवरण जोडून ठेवते. दात निखळतो तेव्हा हे आवरण फाटते व त्याचा काही भाग मुळावर जिवंत राहतो. या पेशी जिवंत असतील तरच दात पुन्हा पूर्ववत रुजतो. कोरड्या हवेत त्या झपाट्याने मरतात. डेन्मार्कमधील आंद्रेआसन आणि योर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ मध्ये पुनर्रोपित केलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसविलेल्या दातांपैकी सुमारे ९० टक्के दातांचे मूळ झिजलेले आढळले नाही. दोन तासांहून अधिक काळ तोंडाबाहेर राहिलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के दातांचे मूळ झिजले. आज १५ मिनिटांच्या आत पुनर्रोपण झाल्यास बहुतांश पेशी वाचतात असे मानले जाते. ६० मिनिटे कोरडा राहिलेल्या दातावरील पेशी मृत समजल्या जातात.

पालकांनी करावयाची कृती :

मूल बेशुद्ध झाले असेल, त्याला उलटी होत असेल वा रक्तस्राव थांबत नसेल, तर दाताचा विचार बाजूला ठेवून प्रथम रुग्णालय गाठावे. तसे नसल्यास दात शोधावा. तो दुधाचा आहे की कायमचा, हे ओळखणे आवश्यक आहे. कायमचा दात आकाराने मोठा व किंचित पिवळसर असतो. नव्याने उगवलेला असल्यास त्याची कडा करवतीसारखी दंतुर दिसते. दुधाचा दात पुन्हा बसवू नये, कारण त्याच्या वर वाढत असलेल्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होण्याचा संभव असतो.

कायमचा दात केवळ वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला स्पर्श करू नये. माती लागली असल्यास तो दुधाने, सलाईनने किंवा मुलाच्या लाळेने हलकेच धुवावा. येथे बहुतेक घरांतील स्वच्छतेची सवयच आड येते. दात ब्रशने घासणे, जंतुनाशकात बुडविणे, रुमालात वा कापसात पुसून गुंडाळणे या सर्व कृती सद्हेतूने केल्या जातात आणि नेमक्या वाचवावयाच्या पेशीच नष्ट करतात. त्यानंतर शेजारच्या दाताकडे पाहून पुढची-मागची बाजू निश्चित करावी, दात खाचेत हळूच बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत धरावयास सांगावे. हे धैर्य प्रत्येक पालकाला होईलच असे नाही. परंतु यापेक्षा परिणामकारक उपाय नाही.

मूल घाबरलेले असून ते शक्य नसल्यास दात थंड दुधात ठेवावा. दुधातील क्षारांचे प्रमाण पेशींना मानवणारे असते. शाळेजवळच्या चहाच्या टपरीवरही दूध मिळते. ते गरम मात्र नसावे. दूध नसेल तर मुलाला वाटीत थुंकावयास सांगून त्या लाळेत दात ठेवावा. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. तरीही कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरे.

दंतवैद्याकडील उपचार :

दंतवैद्य दाताला लवचीक तारेने शेजारच्या दातांशी साधारणतः दोन आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताच्या लसीची चौकशी होते. मुळाची वाढ पूर्ण झालेली असल्यास दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल उपचार सुरू करावा लागतो. मूळ अपूर्ण असल्यास त्यात रक्तपुरवठा पुन्हा सुरू होण्याची आशा असल्याने काही काळ वाट पाहिली जाते. या काळात मऊ आहार, मऊ ब्रश आणि खेळापासून विश्रांती आवश्यक असते.

दात उशिरा सापडला तरी तो फेकून देऊ नये. अशा दाताचे मूळ कालांतराने हाडाशी एकजीव होऊन झिजते आणि जबडा वाढत असताना तो शेजारच्या दातांहून आखूड दिसू लागतो. तरीही तेवढी वर्षे तो हाडाची रुंदी टिकवितो. वाढ पूर्ण होईपर्यंत मुलाला कृत्रिम दाताचे रोपण करता येत नसल्याने ही वर्षे मोलाची असतात.