आघाडीचे बळ आणि तिची सीमा : संयुक्त महाराष्ट्र समिती व बारामती मतदारसंघ

समाजपरिवर्तनासाठी भिन्न मतांचे पक्ष एकत्र येतात, तेव्हा त्यांच्या ऐक्याचे कारण ध्येयाच्या समानतेत शोधण्याची प्रथा आहे. हे कारण अपुरे आहे. एकच ध्येय मानणारे परस्परांविरुद्ध उभे राहिलेले दिसतात, आणि अंतिम ध्येये भिन्न असणारे एका झेंड्याखाली लढलेले दिसतात. संयुक्त महाराष्ट्र समितीचा इतिहास, आणि त्यातही बारामती लोकसभा मतदारसंघाचा अनुभव, या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

एकभाषी राज्याचा ठराव बेळगावच्या साहित्य संमेलनात मे १९४६ मध्ये झाला व त्याच वर्षी शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. तीत काँग्रेसजनांसह नाना मतांचे लोक होते; निवेदने, वाटाघाटी व करार ही तिची साधने. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, गोळीबारात माणसे बळी पडली, आणि ही साधने अपुरी ठरली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मास आली. एस. एम. जोशी तिचे सरचिटणीस झाले.

‘परिषद’ या शब्दाच्या मुळाशी सभोवती बसणे हा अर्थ आहे, तर ‘समिति’ शब्दाच्या मुळाशी एकत्र जाणे हा. व्युत्पत्ती हा इतिहासाचा पुरावा नव्हे. तथापि या दोन नावांतील अंतर दोन संघटनांच्या कार्यपद्धतींतील अंतराशी जुळते, हे खरे.

समितीत प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट व शेतकरी कामगार हे पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते. यांपैकी काहींचे परस्परवैर जुने होते. ते वैर मिटवण्याचा यत्न समितीने केला नाही. ते बाजूस ठेवण्याची सोय तिने केली. मागणी एकच : मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य. प्रत्येक घटकाचा पक्ष, ध्वज व तत्त्वज्ञान त्याच्यापाशीच राहिले. निवडणुकीत मात्र विरोधी मते फुटू नयेत, अशा रीतीने जागांची वाटणी करण्यात आली. परिणामी १९५७ साली मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मोठी पीछेहाट झाली, आणि कराडमध्ये खुद्द यशवंतराव चव्हाण थोडक्या मतांनी निवडून आले.

त्याच निवडणुकीत बारामतीतून लोकसभेवर गेले ते केशवराव जेधे, आणि तेही काँग्रेसचे उमेदवार म्हणून. समितीच्या स्थापनासभेचे अध्यक्षस्थान ज्यांनी भूषविले, त्यांना मराठी राज्य नको होते असे म्हणता येणार नाही. भेद होता तो मार्गाचा. यावरून आघाडीची खरी व्याख्या हाती येते : आघाडी ही समान ध्येय असणाऱ्यांची नसून, एका ध्येयासाठी एक मार्ग पत्करणाऱ्यांची व उरलेल्या प्रश्नांवर काही काळ मौन पाळण्यास तयार असणाऱ्यांची असते.

जेधे यांचे १९५९ साली निधन झाले व १९६० साली पोटनिवडणूक आली. काँग्रेसतर्फे गुलाबराव जेधे, तर शेतकरी कामगार पक्षातर्फे वसंतराव पवार उभे राहिले. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद पवार यांनी मात्र काँग्रेसचा प्रचार केला. विजय गुलाबराव जेधे यांचा झाला. द्वैभाषिक राज्याच्या विभाजनास काँग्रेसश्रेष्ठी तोवर अनुकूल झाले होते. ज्या मागणीने मौन टिकवले होते, ती मान्य होताच मौनाचे प्रयोजनही संपत आले.

त्या मौनात काय काय राहून गेले होते, हे पाहणे अगत्याचे आहे. नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो. त्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. कालव्याच्या आवाक्याबाहेरील जिरायत शेतकरी पावसाकडे पाहतो. आणि भूमिहीनापाशी तर पाहण्यास शेतही नसते. भाषिक राज्याच्या मागणीत हे तिघेही सामावत होते. पाण्याच्या व जमिनीच्या वाटपात त्यांचे हितसंबंध वेगळे होत होते. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तो स्वतःच्या बळावर. राज्याच्या मागणीभोवती उभ्या राहिलेल्या आघाडीकडून तो प्रश्न तडीस जाण्यासारखा नव्हता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. सीमाभागाचा प्रश्न शिल्लक असूनही समिती पूर्वीच्या रूपात टिकली नाही, आणि १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसने जिंकल्या. यास समितीचे अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. जे कार्य तिने अंगावर घेतले, त्याचा मोठा भाग सिद्धीस गेला. मागणी जितकी मर्यादित, तितकी आघाडी बळकट. आणि तितकेच तिचे आयुष्य अल्प. म्हणून आघाडीत सामील होणाऱ्या दुर्बळ घटकाने एक प्रश्न आरंभीच विचारावयास हवा : विजयाच्या दुसऱ्या दिवशी आपली मागणी कोण उचलून धरणार? या प्रश्नाचे उत्तर आघाडीच्या जाहीरनाम्यात क्वचितच सापडते. त्या घटकाने राखलेल्या स्वतःच्या संघटनेत ते असावे लागते.