गल्लीतली पहिली दहा मिनिटे

१०८ नंबरची रुग्णवाहिका आपल्या वस्तीत येते ती मुख्य रस्त्यापर्यंत. पुढची वाट आपल्याला ठाऊक आहे. दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, वर लोंबणाऱ्या वायरी, खाली उघडे गटार, मध्येच कुणाचा पाण्याचा पिंप. म्हणून दुखणे कोणतेही असो, पहिली दहा मिनिटे वस्तीची असतात. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा व्हायला लागते. भाजलेल्या कातडीवर लगेच पाणी पडले तर जखम खोल जाण्याचे थांबते. म्हणजे पुष्कळदा या दहा मिनिटांतच बरे-वाईट ठरून जाते.

आता सकाळी अकरा वाजता वस्तीत कोण असते ते आठवा. आई धुण्याभांड्याच्या कामावर, वडील ड्युटीवर नाहीतर नाक्यावर. घरी म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि दुपारच्या शाळेत जाणारी तेरा ते सतरा वर्षांची पोरे-पोरी. ज्यांना आपण दिवसातून दहा वेळा “तुला काय कळतंय, गप बस” म्हणतो, तीच त्या वेळी घरातली सगळ्यात धडधाकट माणसे असतात.

याच पोरा-पोरींना घेऊन आम्ही काही कार्यकर्त्या विहारात रविवारचा वर्ग चालवतो. वंदना झाली की दोन तास. प्रथमोपचार, बचाव आणि वस्तीची सेवा. हे ‘नर्सबाईंचे काम’ आहे असे कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘किड्स सेव्ह लाइव्हज’ या आवाहनाला पाठिंबा दिला. बारा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक शाळकरी मुलाला वर्षाला दोन तास तरी जीव वाचवण्याचे शिक्षण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. आपल्या पोरांना ते शाळेत मिळेल तेव्हा मिळेल. विहार तर आपलेच आहे.

पाच बोटे, पाच कामे

आम्ही पाच-पाच जणांचा गट करतो. प्रत्येकाला एक काम.

पहिले काम ‘नजर’. जागा सुरक्षित आहे का ते बघायचे. वायर तुटली आहे का, गॅसचा वास येतो का, भिंत कलली आहे का. नजरवाल्याने “थांबा” म्हटले की सगळ्यांनी थांबायचे, मग सांगणारी तेरा वर्षांची मुलगी का असेना.

दुसरे ‘हाक’. १०८ ला फोन, आग असेल तर १०१. तिसरे ‘हात’, म्हणजे प्रत्यक्ष उपचार. चौथे ‘वाट’. गल्ली मोकळी करायची, सायकली-बादल्या हलवायच्या, एकाने मुख्य रस्त्यावर उभे राहून रुग्णवाहिकेच्या माणसांना आत आणायचे. पाचवे ‘धीर’. घरच्यांना बाजूला बसवायचे, गर्दी पांगवायची आणि किती वाजता काय झाले ते वहीत लिहायचे. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

ही कामे दर रविवारी बदलतात. जो पोरगा सतत पुढे पुढे करतो त्याच्याकडे मुद्दाम ‘धीर’ देतो. तिथे त्याला ऐकून घ्यायला लागते. जी मुलगी खाली मान घालून बोलते तिच्याकडे ‘हाक’.

‘हाक’ सगळ्यात अवघड जाते, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळले. आमच्यातली एक जण फोनवरची बाई होते आणि विचारते, “पत्ता सांगा.” पोर अडखळते. कारण नोकरीच्या अर्जावर, कॉलेजच्या खिडकीवर, मैत्रिणीच्या घरी, जिथे जिथे हा पत्ता सांगितला तिथे समोरच्याचा चेहरा बदललेला तिने पाहिलेला असतो. काही पोरे तर जवळच्या सोसायटीचे नाव सांगून मोकळी होतात. आम्ही तिथेच थांबवतो. सोसायटीचे नाव सांगशील तर गाडी सोसायटीच्या गेटवर जाईल आणि आजी इकडे जाईल. वस्तीचे नाव, गल्ली, जवळची खूण, विहार नाहीतर बाबासाहेबांचा पुतळा, आणि आपला नंबर. मोठ्या आवाजात, न लाजता. चार-पाच रविवारी हाच सराव झाला की पोर पत्ता असा सांगते की बाहेरच्या ओट्यापर्यंत ऐकू जावे. आत्मविश्वास म्हणजे काय, असे कुणी विचारले तर आम्ही हेच सांगू.

हात काय शिकतात

मोठा माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, नुसता आचके देतो, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबायचे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबायचे नाही, दमले की दुसऱ्याने घ्यायचे. आमच्याकडे सरावाचा महागडा पुतळा नाही. जुन्या कपड्यांनी घट्ट भरलेला लोड आहे. बाकीचे टाळ्या वाजवून ठेका धरतात. दोन मिनिटांत घाम फुटतो, आणि हे काम एकट्याचे नाही हे सांगावे लागत नाही.

भाजले तर नळाखालचे किंवा तांब्याने ओतलेले गार पाणी, पूर्ण वीस मिनिटे. बर्फ नको. बांगड्या, अंगठी लगेच काढायची. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावायचे नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यायचे.

फिट आली तर कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, घड्याळ बघायचे. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. साप चावला तर दोरी आवळायची नाही, चिरायचे नाही, चोखायचे नाही. हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचे नाही आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. त्याचे औषध तिथे आहे, मांत्रिकाकडे नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धी तपासून वागण्याचा धम्म दिला. तो असा ऐन वेळी वापरावा लागतो.

आमच्या एका गल्लीत चार वर्षांच्या पोराच्या हातावर चहा सांडला. शेजारच्या मावशी टूथपेस्ट घेऊन धावल्या. आमच्या वर्गातली नववीतली मुलगी पोराचा हात नळाखाली धरून उभी होती. मावशी रागावल्या, “बाजूला हो, माझी चार पोरं वाढलीत.” मुलगी म्हणाली, “मावशी, वीस मिनिटं होऊ द्या, मग मला कितीही बोला.” तिने हात सोडला नाही आणि आवाजही चढवला नाही. मोठ्यांचा मान राखून आपले खरे धरून ठेवणे सोपे नसते. ते तिला जमले, कारण वीस मिनिटे का, हे तिला ठाऊक होते. आता त्या मावशीच आपल्या नातवाला वर्गात पाठवतात.

उडी मारणे म्हणजे धाडस नव्हे

हा भाग आम्ही सगळ्यात जास्त वेळा शिकवतो. बचावाच्या गोष्टी सांगितल्या की पोरांच्या अंगात सिनेमातला हिरो संचारतो. त्यांना स्पष्ट सांगतो, अठराच्या आतल्या कुणीही पाण्यात, आगीत, गटारात उतरायचे नाही आणि विजेच्या वायरीला हात लावायचा नाही.

बुडणाऱ्याला काठावरून मदत करायची. काठावर पालथे पडून लांब बांबू, ओढणी किंवा साडी पुढे करायची. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून दोरी बांधून फेकला तर माणसाला तरंगता ठेवतो. घरात शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करायची, तेही मोठ्या माणसाने. रस्त्यावरची मोठी वायर पडली असेल तर लांबच थांबायचे, लोकांना लांब ठेवायचे.

आणि गटार. हा आपल्या समाजाचा जिव्हारी लागणारा विषय आहे. एक माणूस गटारात किंवा सेप्टिक टाकीत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी उतरतो, आणि एकाच्या जागी तीन प्रेते बाहेर येतात. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. श्वासाचे यंत्र लावलेला अग्निशमन दलाचा माणूसच खाली जाऊ शकतो. म्हणून झाकणापासून सगळ्यांना दूर करणे आणि १०१ ला फोन करणे, हीच तिथली बहादुरी.

त्याबरोबर पोरांना कायदाही सांगतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती तीस लाख केली. कुणी ठेकेदार वस्तीतल्या पोराला पाचशे रुपये दाखवून झाकण उघडायला सांगत असेल, तर “नाही” म्हणणे हाही बचावच आहे, आणि तो सगळ्यात आधीचा.

पोलिसांची भीती

“अपघातग्रस्ताला उचलले आणि पोलिसांनी आमच्याच पोराला धरले तर?” हा प्रश्न प्रत्येक पालक सभेत येतो. भीती खोटी नाही, आपल्या वस्तीने पुष्कळ पाहिले आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. रस्ते अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. हे कलम आम्ही पोरांकडून पाठ करून घेतो. कलमाचा नंबर सांगता येणारे पोर पोलिसासमोर वेगळे उभे राहते.

मुलींच्या आयांची काळजी वेगळी असते. म्हणून वर्ग दिवसाच भरतो, दोन बाया कायम हजर असतात, आणि ज्या आईला वाटेल तिने येऊन बसावे. बसलेल्या आयाही शिकून जातात.

वाचले नाही तेव्हा

एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. छाती दाबून प्रत्येक माणूस वाचत नाही. पुष्कळदा वाचत नाही. आमच्या मुलांनी एका आजोबांची छाती गाडी येईपर्यंत दाबली, आजोबा गेले. त्या रात्री एक पोरगा जेवला नाही. “माझंच काहीतरी चुकलं,” एवढेच म्हणत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही जणांना घेऊन बसलो. कोण कुठे होते, काय केले, सगळे बोलून घेतले. आजोबांचा मुलगा स्वतः येऊन पोरांसमोर हात जोडून उभा राहिला, “तुम्ही होतात, म्हणून ते एकटे गेले नाहीत.” पोरांना असे प्रसंग एकट्याने गिळू देऊ नका. झोप लागत नसेल, गप्प गप्प राहत असेल, तर बोलते करा आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना दाखवा.

सेवा रोजची आहे

अपघात रोज होत नाहीत, सेवा रोज असते. आमच्या गटांनी गल्लीवार वही केली आहे. कुठे गरोदर बाई, कुठे अंथरुणावरचा माणूस, कुठे फिटचा पेशंट. पावसाळ्यात या घरी आधी जायचे. जुलाब सुरू झाले की ओआरएस पोचवायचे, नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कसे घालायचे ते दाखवायचे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत उन्हाने चक्कर आलेल्यांना सावलीत घ्यायचे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघण्याआधी वस्तीतल्या लहान मुलांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी घालायची.

दहावीत नापास झालेला एक पोरगा आमच्या ‘वाट’ गटाचा प्रमुख आहे. दोन बांबू आणि घोंगडीचे स्ट्रेचर कोणत्या वळणावर उभे करायचे हे त्याला डोळे मिटून सांगता येते. यंदा त्याने पुन्हा फॉर्म भरला. आम्ही त्याला अभ्यासाचा उपदेश केला नव्हता.

तथागतांनी आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता गेल्या. आपल्याकडे सेवा ही उपकाराची गोष्ट कधीच नव्हती.

आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, वर्षावासाचे तीन महिने, विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. पावसाचेही हेच महिने. दरडी, शॉक, पाणी, साप, ताप, सगळे याच काळात. बारा-तेरा रविवार मिळतात. एक लोड, दोन बांबू, एक घोंगडी, एक दोरी, एक रिकामा कॅन आणि वस्तीतली एक नर्स किंवा आशाताई, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. या वर्षावासात आपल्या विहारात पाच पोरांचा एक गट तरी उभा करा. आणि आजच घरातल्या पोराला एवढेच विचारा, “१०८ ला फोन लावलास तर आपला पत्ता कसा सांगशील?”

जय भीम!