सरकीची पेंड : माशांचे खाद्य

आम्ही कापडाचे व्यापारी. कापूस म्हटला की आमची नजर रुईवर. पण जिनिंगला आलेल्या कापसात रुई सुमारे एक तृतीयांश; बाकी बहुतेक सरकी. तिचे तेल काढून उरलेली पेंड गुरांना घालतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ती माशांनाही चालते, इकडे मात्र आपल्या बंधूंचे लक्ष नाही.

आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या परिसरात रोहू-कटल्याची तळी आहेत. तेथे तेल काढलेला भाताचा कोंडा व पेंड भोके पाडलेल्या गोण्यांत भरून पाण्यात बांबूला बांधतात. मासे भोकांतून खातात. गोणीत किती उरले ते कळते, माल वाया जात नाही. मत्स्यपालनात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचाच, म्हणून ही बचत मोठी.

पण सावधान! सरकीत गॉसिपॉल हे विष असते. पेंड जास्त झाली तर माशांची वाढ खुंटते. शेंगदाण्याची पेंड ओलसर गोदामात ठेवल्यास बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन तयार होते. बुरसटलेला माल स्वस्तात घेऊन विकला, तर गिऱ्हाइकाचे मासे जातात आणि आपली पत जाते. कापडाचा तागा आपण उलगडून पाहतो. पेंडीची गोणीही उघडून पाहावी, मोठा सौदा असल्यास प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.