कॅमेरा आणि काच – लेखांक ९ : स्वस्त टेलिफोटो झूम घ्यावी का?

बाजारात ‘स्वस्त टेलिफोटो झूम’ म्हणून जी लेन्स मिळते, ती साधारण ५५ ते ७५ मिमीपासून सुरू होऊन २५० किंवा ३०० मिमीपर्यंत जाते, अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि लांबच्या टोकाला तिचे ॲपर्चर एफ/५.६ किंवा एफ/६.३ च्या पलीकडे उघडत नाही. कॅननचा डीएसएलआर बाळगणाऱ्या हौशी छायाचित्रकारापुढे यातल्या दोन लेन्स हटकून येतात. एक १९९९ पासून विकली जाणारी ईएफ ७५–३०० मिमी III आणि दुसरी २०१३ साली आलेली ईएफ-एस ५५–२५० मिमी आयएस एसटीएम. पहिली बरीच स्वस्त, शिवाय तिच्यावर ३०० लिहिलेले. पुष्कळांचा निर्णय तिथेच होतो, आणि तो बहुधा चुकतो.

३०० आणि २५० यांत प्रत्यक्ष किती अंतर पडते, हे हिशेबाने पाहता येते. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे १६ सेंटिमीटर. तो १५ मीटरवरच्या फांदीवर बसला असेल, तर ३०० मिमीच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा ३.२ मिमी लांबीची पडते, २५० मिमीतून २.७ मिमीची. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरची रुंदी २२.३ मिमी. म्हणजे पहिल्या फोटोत पक्षी रुंदीचा सातवा हिस्सा व्यापतो, दुसऱ्यात आठव्याहून थोडा कमी. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत हेच आकडे अंदाजे ८६० आणि ७२० पिक्सेल असे येतात. अडीच मीटर पुढे सरकता आले तर हा फरक उरतच नाही. आणि दोन्ही लेन्समध्ये पक्षी लहानच दिसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. चिमणीएवढ्या पक्ष्यांसाठी या वर्गातली कोणतीही लेन्स तोकडीच पडते. त्या छंदाची खरी सुरुवात १५०–६०० मिमीच्या लेन्सपासून होते, आणि तिची किंमत व वजन दोन्ही वेगळ्या घरातले.

फोटोचे खरे नुकसान होते ते हात हलल्याने. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा, की शटर स्पीड निदान फोकल लेन्थच्या व्यस्ताइतका हवा. एपीएस-सी सेन्सरवर त्यात १.६ चा गुणक धरायचा. ३०० मिमीला हे गणित १/४८० सेकंदावर जाते. उन्हात तेवढा वेग सहज मिळतो. ढगाळ दुपारी किंवा झाडाखाली मिळत नाही. ५५–२५० मध्ये स्टॅबिलायझेशन आहे आणि त्याची क्षमता कॅननने साडेतीन स्टॉप दिली आहे. म्हणजे कागदावर १/४०० ऐवजी १/३५ सेकंदालाही हात सांभाळला जातो. ७५–३०० III मध्ये ही सोय नाही. गंमत अशी, की एसएलआरच्या बदलत्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन सर्वांत आधी, १९९५ साली, कॅननने आणले ते ७५–३०० याच पल्ल्याच्या लेन्समध्ये. ते महागड्या भावंडाकडे गेले आणि स्वस्त लेन्स तशीच राहिली. २०२५ मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांसाठी आलेल्या आरएफ ७५–३०० मध्येही ते नाही. आर५० आणि आर१०० या कॅमेऱ्यांच्या बॉडीतही ते नसल्यामुळे ही जोडी घेणाऱ्याचा भरवसा फक्त स्वतःच्या हातावर.

स्टॅबिलायझेशन थांबवते ते छायाचित्रकाराचा हात. उडणारा बगळा किंवा धावणारे मूल नव्हे. त्यांच्यासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त वेग लागतो, आणि वेगासाठी उजेड लागतो. इथे स्वस्तपणाचे मूळ सापडते. फोकल लेन्थला एफ-आकड्याने भागले की लेन्सच्या प्रभावी छिद्राचा व्यास मिळतो. ३०० ला ५.६ ने भागले तर सुमारे ५४ मिमी. म्हणून ७५–३०० ला ५८ मिमीचा फिल्टर पुरतो. तीच ३०० मिमी एफ/२.८ ला न्यायची तर व्यास १०७ मिमी होतो, एवढ्या मोठ्या काचा घासाव्या लागतात, वजन दोन किलोच्या पुढे आणि किंमत लाखांत जाते. त्या बदल्यात चौपट उजेड मिळतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये, सभागृहाच्या दिव्यांत, एफ/५.६ वर आयएसओ ६४०० च्या घरात न्यावा लागतो आणि चेहरे खरबरीत येतात. त्या कामाला ८५ मिमी एफ/१.८ सारखी साधी लेन्स घेऊन दोन रांगा पुढे बसणे चांगले. तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड येतो.

काचेचा दर्जा हा पुढचा भाग. ७५–३०० III मध्ये रंगदोष आवरणारी खास काच नाही. त्यामुळे ३०० वर, एफ/५.६ ला, पांढऱ्या पिसांच्या कडेला जांभळी रेघ उमटते आणि बारकावे धुरकट होतात. एफ/८ वर आणि २०० मिमीच्या आत ती बऱ्यापैकी सुधारते. पण मग ३०० साठी पैसे मोजले कशाला, हा प्रश्न येतोच. तिची मोटर आवाज करते आणि फोकस करताना पुढचे तोंड फिरते, त्यामुळे पोलरायझर लावणाऱ्याला प्रत्येक वेळी तो पुन्हा जुळवावा लागतो. ५५–२५० मध्ये यातले काही नाही.

निकॉनच्या ग्राहकाने नावाची शेवटची अक्षरे वाचूनच पैसे द्यावेत. एएफ-पी डीएक्स ७०–३०० या नावाच्या दोन लेन्स आहेत, व्हीआर (निकॉनच्या भाषेत स्टॅबिलायझेशन) असलेली आणि नसलेली. बाहेरून त्या जवळजवळ सारख्याच दिसतात. शिवाय डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर एएफ-पी लेन्स फोकसच होत नाही.

उपयोग पाहून ठरवायचे, तर भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे थवे, दुपारच्या उन्हातला क्रिकेटचा सामना, डोंगराच्या एकामागे एक रांगा किंवा १३५ मिमीच्या आसपास घेतलेली व्यक्तिचित्रे यांना स्वस्त टेलिफोटो झूम पुरून उरते. चंद्रालाही चालते, मात्र ३०० मिमीतही तो चौकटीच्या उंचीचा पाचवा हिस्सासुद्धा भरत नाही. कर्नाळ्याच्या दाट झाडीत किंवा ताडोबातल्या पहाटेच्या सफारीत मात्र ती निराश करते. वर्षाकाठी एखादीच सफारी असेल तर मोठी लेन्स दोन दिवस भाड्याने घेणे स्वस्त पडते.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारून आत पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशीचे धागे धरतात आणि ते साफ करण्याचा खर्च स्वस्त लेन्सला परवडत नाही. मग लांबच्या टोकाला नेऊन फोकस लागतो का आणि पुन्हा पुन्हा तसाच लागतो का, ते तपासावे.

एकूणात ५५–२५० आयएस एसटीएम घ्यावी, वापरलेली पण स्वच्छ मिळाली तर बिनदिक्कत. ७५–३०० III किटच्या खोक्यात आयतीच येत असेल तर उन्हात वापरावी. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.