लॅपटॉपला मॉनिटर जोडताना केबल कोणती?

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडणारी केबल तीन गोष्टींवर ठरते: लॅपटॉपचे पोर्ट, मॉनिटरचे पोर्ट आणि दर सेकंदाला वाहून न्यायची माहिती. पहिल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसतात. तिसरी हिशेबाने काढावी लागते.

उदाहरणार्थ, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात वाघांची ओळख कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतून पटवली जाते. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि डाव्या कुशीचे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. त्यामुळे दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पट्टा न् पट्टा ताडण्यासाठी मोठा पडदा सोयीचा. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट लागतात आणि चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने उमटते. हा गुणाकार सुमारे ३ गिगाबिटपर्यंत जातो. फोर-के पडद्यावर पिक्सेल चौपट, म्हणून माहितीही चौपट: जवळपास १२ गिगाबिट.

व्हीजीए हे १९८७ सालचे जुने पोर्ट. त्यात तीन ओळींत १५ पिना असतात आणि दोन बाजूंना स्क्रू. ते अॅनालॉग असून त्यातून आवाज जात नाही. केबल लांब किंवा हलकी असेल तर अक्षरांना सावली येते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. अशा हक्कांचा नकाशा ग्रामसभेत व्हीजीएच्या जुन्या प्रोजेक्टरवर दाखवायचा झाल्यास हद्दीची रेघ दिसते, पण बारीक टाइपातले वनकक्षांचे क्रमांक पुसट होतात. डिजिटल केबलमध्ये ही सावली येत नाही.

एचडीएमआयमध्ये १९ पिना असून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. मात्र १.४ आवृत्तीची क्षमता १०.२ गिगाबिट असल्याने फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच उमटते आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. ६० साठी दोन्ही उपकरणांत २.० आवृत्ती लागते. तिची क्षमता १८ गिगाबिट. केबल घेताना वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेले पाहावे. फुल एचडीला साधी ‘हाय स्पीड’ केबल पुरते. तिथे महागड्या केबलने चित्र अधिक सुंदर होत नाही.

डिस्प्लेपोर्टची एक कड तिरपी कापलेली असते आणि त्यात २० पिना असतात. १.२ आवृत्तीपासून ते फोर-के चित्र ६० च्या गतीने नेते.

सर्वाधिक फसगत यूएसबी टाइप-सीमध्ये होते, कारण आकार एक आणि कामे अनेक. काही लॅपटॉपमधले हे पोर्ट फक्त चार्जिंग व डेटा हाताळते, काहींतून चित्रही निघते. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह असल्यास चित्र मिळण्याची खात्री. चिन्ह नसल्यास लॅपटॉपची माहितीपुस्तिका पाहावी. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या केबलमध्ये चित्र वाहणाऱ्या तारा बहुधा नसतात.

दोन बाजूंची पोर्टे वेगळी असतील तर कन्व्हर्टर लागतो आणि त्याची दिशा महत्त्वाची. लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयला जाणारी साधी केबल सहसा चालते; उलट दिशेने तीच केबल चालत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीएकडे जायचे तर डिजिटलचे अॅनालॉग करणारी चिप असलेला कन्व्हर्टरच हवा.

लांबी गरजेपुरतीच घ्यावी. टेबलावर दीड-दोन मीटर पुरेसे होतात. तांब्याच्या केबलमध्ये अंतरागणिक सिग्नल क्षीण होतो. फोर-केला पाच मीटरपलीकडे चित्र लुकलुकण्याची किंवा अधूनमधून पडदा काळा होण्याची शक्यता वाढते. सभागृहाच्या टोकाशी असलेल्या प्रोजेक्टरसाठी ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते, त्यामुळे खुणेप्रमाणे एक टोक लॅपटॉपलाच लावावे लागते.

जोडणी झाल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट तपासावेत. आकडे अपेक्षेपेक्षा कमी असतील तर लॅपटॉपचे पोर्ट, कन्व्हर्टर, केबल आणि मॉनिटर यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तेच बदलावे.