बाप्पांचा मांडव आणि आळीचा केर

श्रीगणरायांच्या आगमनाची चाहूल लागली की वरणगावच्या आळीआळींतून वर्गणीच्या वह्या फिरू लागतात, मांडव उभे राहतात, अंगणे झाडून निघतात. अनंत चतुर्दशी सरली की मात्र केर पुन्हा जुन्या कोपऱ्यात साचू लागतो आणि आम्ही म्हणतो, आता ग्रामपंचायत नव्हे, नगर परिषद आहे, ती पाहील!

घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी तसे म्हटले नाही. ओला व सुका केर घरोघरी वेगळा करावयाचा, ओल्याचे खत आपणच करावयाचे, उरलेला पालिकेने न्यावयाचा, असा रिवाज त्यांनी पाडला. १९९७ च्या सुमारास मुंबई महानगरपालिकेने त्याच धर्तीवर ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ अशा भारदस्त नावाची योजना शहरभर आणली. पुढे कित्येक गल्ल्यांचा उत्साह ओसरला, हेही सांगितले पाहिजे. वर्षभर माणसे एकत्र ठेवणे सोपे नाही.

आमच्याकडे मंडळे आहेत. कोणत्या घरी किती माणसे, कोणती मोरी तुंबते, हे त्यांच्या पोरांना तोंडपाठ असते. घंटागाडी मात्र नगर परिषदेचीच हवी. निर्माल्याचा कलश मंडळाने ठेवावा, तो नगर परिषदेने उचलावा. तापीमाईच्या पात्रात ते जाऊ नये.

गाडगेबाबा गावात येत ते खराटा घेऊन. दिवसा गाव झाडून होई, मग रात्री कीर्तन. यंदा वर्गणीच्या वहीत एक पान वर्षभराच्या सफाईसाठी राखावे, अशी आमची विनंती आहे.